उघाडीवरची बाई

माझी चित्रं बघून कुणी "अगदी काळुरामसारखी" असं म्हणालं की पूर्वी मला गुदगुल्या व्हायच्या. पुढे त्याचा राग यायला लागला. आता कुणी म्हणालंच तर मी सरळ विषय बदलते. लोकांना वाटतं, मालूताई तिरसट आहे. ते खरंच आहे, पण या बाबतीत कारण वेगळं आहे आणि ते एकदा सांगून टाकलेलं बरं.

मी चित्रकथा काढते. चौकटीत चित्र, चित्रात फुगा, फुग्यात बोलणं. तीस वर्षं हेच करत आले आणि ते मी शिकले काळुरामकडून. त्याला मी कधी भेटले नाही. तो पेणजवळच्या खाडीकाठच्या एका गावातला, मी रोह्याशेजारच्या वरसे गावची. माझ्या मामाने मुंबईहून निघणाऱ्या मुलांच्या एका मासिकाचे जुने अंक सुतळीने शिवून माळ्यावर ठेवले होते. त्यात दर महिन्याला चार पानं काळुरामची असत. कथेचं नाव 'उघाडीवरची बाई'.

खाडीलगतच्या भातशेतात खारं पाणी शिरू नये म्हणून मातीचा बांध घालतात. त्या बांधाला एक दार असतं, ती उघाडी. ओहोटीला ती उघडून शेतातलं पाणी खाडीत सोडायचं आणि भरती यायच्या आत खाचेत फळ्या टाकून बंद करायची. काळुरामच्या गोष्टीतली बाई गावोगाव जायची, भरतीच्या तोंडावर उघाडीच्या फळ्या उपसायची आणि समुद्र आत घ्यायची. ती कोण, का करते, कुणाला ठाऊक नव्हतं. कारण तिचा चेहरा कधीच दिसत नसे. प्रत्येक चौकटीत ती पाठमोरी. कासोटा घातलेलं लुगडं, मानेवर सैल अंबाडा, डावा हात कमरेवर.

मी दहा वर्षांची होते. त्या बाईने मला झपाटलं असं म्हटलं तर हसू नका. मी ते पान उन्हात धरून मागच्या बाजूने बघायची, तिकडून तरी चेहरा दिसेल म्हणून. मागे दंतमंजनाची जाहिरात होती. तिच्या अंबाड्यातून एक मिशीवाला माणूस दात दाखवून हसायचा. मला रडू यायचं. पुढच्या अंकात वळेल, त्याच्या पुढच्या अंकात वळेल, असं करत मी चौऱ्याहत्तर सालच्या शेवटच्या अंकापर्यंत गेले आणि ती वळलीच नाही. मामाच्या गठ्ठ्यातला पहिला अंक, अडुसष्टचा दिवाळी अंक, मात्र नव्हता. कुणीतरी वाचायला नेला तो परत दिला नाही.

कागदाला खोबरेल तेल चोळून तो पारदर्शक करायचा आणि काळुरामच्या पानावर ठेवून गिरवायचं, हा माझा उद्योग. त्याचं पाणी एका फटक्यात काढलेलं असायचं, रेघ जाड सुरू होऊन केसाएवढी बारीक होत संपायची. त्याचा चिखल बघून पाय धुवावेसे वाटायचे. पण खरी गंमत गोष्ट सांगण्यात होती. संकट यायच्या आधी तो तीन चौकटी नुसत्या ठेवायचा. एकीत कोरडी फळी, एकीत नांग्या उचललेली चिंबोरी, एकीत बांधावरचं गवत. फुगा नाही, माणूस नाही. चौथ्या चौकटीत पाणी. त्या तीन चौकटींत आपला श्वास अडकायचा. मी ते जसंच्या तसं उचललं आणि माझं म्हणून वापरलं.

पाठमोरी बाईही उचलली. माझ्या सगळ्या पुस्तकांतल्या महत्त्वाच्या बायका पाठ करून उभ्या आहेत. एका पुरस्काराच्या मानपत्रात त्यावर चार ओळी होत्या. मग मीही व्यासपीठावरून सांगू लागले, की चेहरा झाकला म्हणजे वाचक तिथे आपल्या माणसाचा चेहरा ठेवतो, वगैरे. टाळ्या पडायच्या. खरं सांगायचं तर मला चेहरा काढताच येत नव्हता. कपाळाची रेघ सुरू केली की मनगटाला कुणीतरी हलका हिसका द्यायचं आणि कागदावरची बाई मला न विचारता वळायची. भर दुपारी, खिडकीत ऊन असताना, माझ्या मागे उभं राहून कुणीतरी चित्र तपासतंय असं वाटायचं. मी त्याला काळुरामचा आशीर्वाद म्हणायची.

दोन हजार तेराच्या डिसेंबरात मी त्याच्यावर पुस्तक करायला घेतलं. त्याची निवडक पानं, माझा लेख आणि शेवटी त्याला मानवंदना म्हणून मी काढलेली एक नवी चित्रकथा. काळुराम एक्क्याण्णव साली वारला होता. त्याची बायको कृष्णाबाई गावात एकटीच राहत होती, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. कृष्णाबाईने मला ट्रंकेतली पानं दिली, भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण जेवू घातलं आणि पानांच्या बदल्यात काही मागितलं नाही. त्यातली दहा-बारा पानं मोठी करून मी रोह्याला एका शाळेच्या सभागृहात मांडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास मी चहा घेऊन आत आले आणि दारातच थांबले. मधल्या मोठ्या चित्रासमोर ती बाई उभी होती. चित्रातली नव्हे, खरी. कासोटा, सैल अंबाडा, आता पांढरा झालेला, आणि डावा हात कमरेवर. माझ्या हातून चहा सांडला. ती पाठ मी तीस वर्षं काढत होते, ती मला माझ्या आईच्या पाठीपेक्षा ओळखीची होती. वाटलं, आता ही वळणार, आणि मला ते बघायचं नव्हतं.

ती वळली. सत्तरीला आलेली, उन्हाने रापलेली साधी म्हातारी. "पोरी, हे तू लावलंस?" तिने विचारलं.

"हो."

"ही मी हाय." तिने चित्राकडे बोट केलं. "हौसा माजं नाव. नागोठण्याला राहते. पोराने पेपरात बगितलं, म्हणून आले."

मी तिला खुर्ची दिली. मला वाटलं, आता ती काळुरामच्या आठवणी सांगेल आणि माझ्या लेखाला एक छान परिच्छेद मिळेल. लेखक माणसं अशी हावरट असतात.

"पयल्या अंकात माजं तोंड व्हतं," ती म्हणाली. "दिवाळीच्या. तू नाय बगितलास?"

मग तिने सांगितलं ते असं. हौसा तेव्हा बावीस वर्षांची, कान्हूची बायको, गावात लग्न होऊन आलेली. उघाडीची पाळी घराघरावर असे, त्या आठवड्यात काळुरामच्या घरावर होती. श्रावणातल्या अमावास्येचं उधाण होतं. सकाळी हौसा उघाडीशी चिंबोऱ्या धरत होती, हे चार जणांनी पाहिलं होतं. काळुराम बांधावर वही घेऊन बसला होता. ती निघाली तेव्हा पाणी वळायला लागलं होतं.

"मीच त्याला बोलले, काळ्या, फळ्या टाक, भरती येते. व्हय व्हय म्हणाला. मान वर नाय केली."

दुपारी बांध फुटला. चाळीस हात खांड पडली आणि सगळ्या गावाच्या भातात खारं पाणी उभं राहिलं. अशी जमीन तीन तीन वर्षं पिकत नाही. काळुरामने सांगितलं, मी फळ्या टाकून घरी आलो होतो, नंतर कुणी काढल्या ते मला माहीत नाही. दोन महिन्यांनी दिवाळी अंक गावात आला. त्यात उघाडीच्या फळ्या उपसणारी बाई होती आणि तिला हौसाचा चेहरा होता.

गावात वाचता येणारे मोजके, पण चित्र सगळ्यांना कळायचं. आणि काळुराम डोळ्यांनी बघितल्याशिवाय काही काढत नाही, ही त्याची ख्याती. त्याने काढलेल्या बैलावरून लोक मालक ओळखत. गावाने ठरवून टाकलं, की याने पाहिलंय, भला माणूस म्हणून तोंडाने नाव घेत नाही, चित्रातून सांगतोय. काळुरामला कुणी विचारलं नाही, आणि तोही मूग गिळून बसला.

"भांडलं कुनीच नाय," हौसा म्हणाली. "मी विहिरीवर गेले का बाया बाजूला व्हायच्या. मिठागरावर कान्हूला काम देईनात. सासू मेली तं खांद्याला चौथा माणूस नाय मिळाला. बैलगाडीत घालून नेली तिला. मंग आमी गाव सोडलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. राग हौसाचा नव्हे, कशाचा ते मलाच कळेना. मी म्हणाले, "पण फळ्या त्याने टाकल्याच नाहीत, हे तुम्हाला कसं ठाऊक?"

"त्यानंच सांगितलं. सत्तर साली माज्या दारात आला. म्हणाला, हौसे, फळ्या मी टाकल्या नव्हत्या, चित्र काढत बसलो. मी बोलले, मला काय सांगतोस, गावात सांग. म्हणाला, सांगतो, चित्रातनंच सांगतो. दर महिन्याला मी अंक आणायची. आता मला वळवील, आता माजं तोंड दावील, आता माज्या जागी सोताला काढील. चार वर्षं, पोरी. दर महिन्याला माजी पाठ छापायचा. त्यानं मला वळूच दिली नाय."

मीही त्या बाईच्या वळण्याची वाट बघितली होती, आणि नंतर तीस वर्षं मीही तिला वळू दिलं नव्हतं. त्याच्यावर टाळ्या घेतल्या होत्या.

"तू त्याच्यासारखी काढतेस म्हणतात," हौसा उठता उठता म्हणाली. "मंग एक काम कर. मरायच्या आधी मला वळव. त्या दुपारचं खरं काढ, माज्या तोंडासकट. गावाने बगू दे."

माझा विश्वास बसला नव्हता, खोटं कशाला बोलू. ज्याचा हात धरून आपण चालायला शिकलो त्याच्यावर बोट दाखवणारी बाई खोटारडीच वाटते. दुसऱ्याच दिवशी मी पेणला उतरून विक्रम रिक्षाने कृष्णाबाईकडे गेले आणि हौसाचं नाव घेतलं. कृष्णाबाई आत गेली आणि तांदळाच्या कणगीमागून कापडात गुंडाळलेलं एक पुडकं घेऊन आली. हे तिने मला आधी दाखवलं नव्हतं.

वर दिवाळी अंक होता. पहिल्याच पानावर ती बाई सरळ माझ्याकडे बघत होती. रुंद कपाळ, थोडं पुढे आलेलं ओठांचं टोक. मी पटकन पान झाकलं. खाली त्याच चित्राचा पेन्सिलीने काढलेला कच्चा कागद होता. तो खालून अर्धा सुरकुतलेला, पिवळट आणि बाईच्या गुडघ्यापर्यंत पुसट झालेला. पाण्याचा डाग सरळ आडव्या रेघेत चढला होता.

"मांडीवर कागद व्हता नि पाणी आलं," कृष्णाबाई म्हणाली. "मला मरताना सांगितलं. तोवर रोज उशाखाली ठेवायचा."

"त्याने मुद्दाम हौसाला काढलं?"

"नाय गो. त्याच्या हाताला एकच बाई यायची. ती गावात लग्न होऊन आली तवापासून. देवी काढली तरी हौसा, राक्षशीण काढली तरी हौसा. मला समोर बसवून काढायचा, तरी कागदावर तीच." हे सांगताना तिच्या आवाजात जुनी, वाळलेली नाराजी होती. "काढलं तो गुन्हा नाय. गप राहिला तो गुन्हा."

मी तिला हौसाचं मागणं सांगितलं. ती ओटीवरून बाहेर बघत म्हणाली, "काढ. खरं हाय ते काढायलाच पायजे. पण मला इथं राहायचं हाय, येवढं ध्यानात ठेव."

मी मान हलवली. माझं लक्ष त्या डागाकडे होतं. पाण्याची ती आडवी रेघ चित्रकथेत किती छान दिसेल, हे मी मनात जुळवत होते.

घरी येऊन बसले आणि हात चालेना. हौसा उघाडीवरून काळुरामशी बोलतेय, अशी चौकट. मी डोकं काढलं की ते वळायचं. खोडलं, पुन्हा काढलं, पुन्हा पाठ. आठवडाभर रोज सकाळी नऊला बसून मी पाठीच काढत होते. शेवटी इतकी भ्याले, की कागद भिंतीला टेकवून उभा केला आणि त्याच्याशी भांडले. "तुला नसेल तोंड दाखवायचं, मला दाखवायचंय," असं मोठ्याने म्हणाले. शेजारची इंदुबाई डोकावून गेली.

मग वही घेऊन नागोठण्याला गेले. हौसाचा मुलगा कंपनीत पहिल्या शिफ्टला गेला होता. ती दारात तांदूळ निवडत बसली होती, मागच्या भिंतीवर अंबा नदीच्या पुराची रेघ अजून दिसत होती. मी समोर बसून काढायला लागले आणि या वेळी चेहरा आला. झरझर आला. रुंद कपाळ, ओठांचं टोक पुढे. मला घाम फुटला.

हौसाने कागद हातात घेतला आणि परत दिला. "ही मी नाय. ही त्याची हाय."

तिचं बरोबर होतं. दिवाळी अंकातला तो चेहरा मी एकदाच, क्षणभर बघितला होता आणि हाताने तो आपोआप गिरवला होता.

"कागदाकडं नको बगू," हौसा म्हणाली. "माज्याकडं बग."

मी तसंच केलं. कागदाकडे न बघता, तिच्या चेहऱ्यावरून नजर न काढता, आंधळ्यासारखी पेन्सिल फिरवत राहिले. एक डोळा खाली आला, नाक वाकडं झालं, हनुवटीला रेघ पोचलीच नाही. खालच्या ओठावरचा जुना व्रण मात्र आला, गालावरचा खड्डा आला, आणि समोरच्याने खोटं बोलू नये म्हणून रोखलेले ते डोळेही आले. असं काढायला मला काळुरामने शिकवलं नव्हतं. मनगटाला हिसका बसला नाही. मला हलकं वाटलं आणि थोडं पोरकंही.

"हां," हौसा म्हणाली. "ह्या म्हातारीला मी वळखते."

त्या म्हातारीवरून मी मागे मागे जात बावीस वर्षांची हौसा काढली आणि आठ पानांची गोष्ट पुरी केली. शेवटून दुसऱ्या पानावर मी तीन नुसत्या चौकटी ठेवल्या. भिंतीला टेकवलेल्या कोरड्या फळ्या, चिंबोरी, गवत. चौथीत काळुराम, समोरून, मान खाली घालून चित्र काढणारा, आणि त्याच्या मांडीवरच्या कागदाला लागलेलं पाणी. ती माझ्या हातून उतरलेली सगळ्यात चांगली चौकट आहे. काढून झाल्यावर मी स्वतःशी हसले होते, ते मला अजून आठवतं.

फेब्रुवारीत पुस्तक पेणला प्रसिद्ध झालं. मी स्वतः पाच प्रती गावात नेल्या. मंदिराच्या पारावर बाबाजी बसला होता, गावकीतला सगळ्यात जुना माणूस, ऐंशीचा. त्याने पानं उलटली, चौथ्या चौकटीवर बोट ठेवलं आणि ओरडला, "काळ्याच व्हता! ह्ये बगा!" दहा-पंधरा माणसं जमली. पुस्तक हातोहात फिरलं. हौसाला बोलवा, तिची माफी मागू, असं कुणीतरी म्हणालं. एका बाईने पदराने डोळे पुसले. हे तुला कुणी सांगितलं, कशावरून, असं मला एकानेही विचारलं नाही. मी तेव्हा खूश होते, म्हणून ते माझ्या लक्षात आलं नाही. हौसाला निरोप गेला, पण ती आली नाही. "बगू," एवढंच म्हणाली.

भाद्रपदात मी कृष्णाबाईच्या गणपतीला गेले. दर वर्षी ती वीतभर मूर्ती आणते. त्या गावात आरतीची मंडळी टाळ घेऊन घरोघर फिरतात, प्रत्येक घरी आरती होते. कृष्णाबाईच्या ओटीवर सतरंजी घडी करून ठेवलेली होती आणि सकाळची खिरापत वाटीत तशीच होती.

"मंडळी येऊन गेली?" मी विचारलं.

"कोन मंडळी? मी हाय, तो हाय." तिने गणपतीकडे हात केला. मी खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "गिरणीवाला म्हनतो, पट्टा तुटलाय. माज्यापुरताच तुटतो. नळावर गेले का बाया हंडे उचलून बाजूला व्हतात. तू जेव, मालू. तुज्यावर राग नाय."

हातातला घास मी ताटात ठेवला. मी तशीच उठून पारावर गेले आणि बाबाजीला नाही नाही ते बोलले. त्या बाईने काय केलंय, ती तेव्हा गावात आलीही नव्हती, तुम्ही तिला वाळीत टाकता?

"वाळीत?" बाबाजीने कानावर हात ठेवले. "छ्या गो. वाळीत टाकलं तर पोलीस येतात आता. कुनी कुनाला कायबी सांगितलं नाय. लोकांनी चित्र बगितलं. तीन वर्षांचं भात त्याच्या पायी गेलं, ते लोकांना दिसलं." मग अगदी शांतपणे म्हणाला, "तूच काढलंयस ना?"

बांधावरून परत येताना मी माझ्या उजव्या हाताकडे बघायलाही धजत नव्हते. चिखल, पाणी, गवत, त्या तीन मुक्या चौकटी, सगळं त्याचं घेताना मी हेही घेतलं होतं. त्याने एका बाईला गावातून उठवलं, मी दुसरीला. त्याचं निदान चुकून झालं होतं. मला सांगितलेलं होतं, ध्यानात ठेव म्हणून, आणि मी डागाकडे बघत होते.

मी थेट नागोठण्याला गेले आणि हौसाला सगळं सांगितलं. आतून मला वाटत होतं, की तिला थोडं बरं वाटेल. पंचेचाळीस वर्षांनी का होईना, फिट्टंफाट. वाटलं असतं तरी मी तिला दोष दिला नसता.

हौसाने सूप बाजूला ठेवलं. "नळावर बाया बाजूला व्हतात?"

"हो."

"हंडे उचलून?"

"हो."

तिने चेहऱ्यावरून हात फिरवला, पायात चपला घातल्या आणि म्हणाली, "चल."

विक्रम रिक्षाने आम्हाला गावाच्या तोंडाशी सोडलं. हौसा पुढे, मी मागे. विसर्जनाला दोन दिवस होते, घराघरात माणसं होती. कुणीतरी तिला ओळखलं आणि बातमी आमच्याआधी पुढे गेली. बायका ओट्यांवर आल्या. बाबाजी काठी टेकत पुढे झाला. "ये, हौसा, ये. तुजंच गाव हाय. बस, च्या घे. चुकलं गो आमचं."

"काळ्याचं घर तेच ना अजून?" हौसाने विचारलं.

बाबाजीची काठी थांबली. हौसा त्याला वळसा घालून सरळ कृष्णाबाईच्या अंगणात जाऊन उभी राहिली, अशी, की पूर्ण आळीला दिसावी. या दोघी याआधी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या.

"कृष्णे," तिने हाक मारली, "पाणी दे गो."

कृष्णाबाई दारात आली. समोर कोण आहे हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. आयुष्यभर नवऱ्याच्या कागदावर तिने तोच चेहरा बघितला होता. ती आत गेली, तांब्या घेऊन आली; तो इतका काठोकाठ भरला होता की पाणी हिंदकळून लुगड्यावर सांडलं. हौसाने तांब्या दोन्ही हातांनी घेतला आणि तोंड वर करून, घोट घोट करत, सावकाश सगळा संपवला. मग रिकामा तांब्या पुढे केला. "आनखी दे. लांबनं आले."

माझा हात केव्हा वहीकडे गेला मला कळलं नाही. पेन्सिल कागदाला टेकली तेव्हा हौसा माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे काढू नको. ह्यांना सोताच्या डोळ्यांनी बगू दे."

मी वही पिशवीत टाकली, अंगणात गेले आणि कृष्णाबाईकडे पाणी मागितलं.